नचिकेताने पाहिलेल्या गाई

कठोपनिषदाची सुरुवात एका गोदानाने होते. वाजश्रवस सर्वस्व दान करायला निघाला आहे आणि दक्षिणेच्या गाई यज्ञमंडपातून हलवल्या जात आहेत. त्याचा पोरगा नचिकेत त्या गाईंकडे पाहतो. त्यांचे चरणे-पिणे मागे पडले आहे, दूध आटले आहे, पुन्हा विण्याची आशा नाही. असल्या गाई देणाऱ्याच्या वाट्याला कोणता लोक येत असेल, हा विचार मुलाच्या मनात येतो आणि तो बापाला विचारतो, मला कोणाला देणार? पुढचा यम, तीन वर आणि आत्मविद्या सर्वांना ठाऊक असते. कीर्तनकार आणि भाष्यकार त्या गाईंपाशी फारसे रेंगाळत नाहीत, आणि उपनिषदाच्या दृष्टीने ते बरोबरही आहे. पण भाकड गाय दान देण्यात नेमके पाप काय, हा प्रश्न विचारून पाहण्यासारखा आहे. गाय जिवंत आहे, तिच्यावर कोणी सुरी चालवलेली नाही, ती एका यजमानाच्या दारातून दुसऱ्याच्या दारात चालली आहे. तरीही मुलाला हे दान खोटे वाटते. कारण देणाऱ्याने पुण्य स्वतःकडे ठेवले आणि वैरणीचा खर्च घेणाऱ्याच्या गळ्यात बांधला. गाईविषयीच्या आजच्या आपल्या सगळ्या वादाचे मूळ मला या एका खटकण्यात दिसते. गाय मारू नये, हे व्रत आहे असे मानू. मग व्रताचा खर्च व्रत घेणाऱ्याने उचलायचा, की तो दुसऱ्याच्या दारात नेऊन सोडायचा?

हा खर्च किती, हे पाहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पशुसंवर्धनशास्त्रात गाईचे उत्पादक आयुष्य मोजतात ते पहिल्या वेतापासून ती गोठ्यातून बाद होईपर्यंत. बैलबाजारात हीच मोजणी दातांवरून चालते: आदत, दुसा, चौसा, सहादाती, जुळलेला, आणि मग दात झिजत गेले की भाव उतरत जातो. देशी कालवड साधारण चौथ्या वर्षी पहिल्यांदा विते. चाऱ्याची ओढाताण असेल तर त्याहून उशिरा. दोन वेतांत पंधरा-सोळा महिने जातात. म्हणजे आठ वेते होऊन दूध आटेपर्यंत गाय चौदाच्या घरात पोचते. नीट सांभाळली तर ती अठरा-वीस वर्षे जगू शकते. मधली पाच वर्षे धरली, आणि साडेतीनशे किलोच्या गाईला रोज सात किलो कोरडी वैरण धरली, तर दूध संपल्यापासून प्राण जाईपर्यंत एका गाईला जवळजवळ तेरा टन वैरण लागते. बैलाचेही तसेच. तिसऱ्या-चौथ्या वर्षी मानेवर जू येते, बारा-तेरा वर्षांपर्यंत तो ओढतो, पुढे दावणीला उभा राहतो. पाण्याची कमतरता असलेल्या माणदेशात किंवा मराठवाड्यात ही तेरा टन वैरण ज्याच्या शेतातून यायची, त्याला व्रताचा अर्थ शब्दकोशात पाहावा लागत नाही.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी, कारण आपल्या चर्चेत ती क्वचितच येते. अमेरिकेतल्या व्यावसायिक गोठ्यांत होल्स्टीन गाय सरासरी तीन वेतेही पुरी करत नाही. गाभण राहत नाही, कासदाह होतो, पायाने अधू होते, आणि पाच वर्षांच्या आसपास ती गोठ्यातून बाद होऊन खाटकाकडे जाते. तिचे उत्पादक आयुष्य संपते त्याच आठवड्यात तिचे आयुष्यही संपते. भाकड वर्षे नावाची गोष्ट त्या हिशेबात नसतेच. दिवसाला तीस-चाळीस लिटर दूध देऊन शरीर लवकर झिजवणारी गाय घडवणे तिथल्या गोठामालकाला परवडते, कारण झिजलेल्या गाईचीही किंमत येते. म्हणजे त्या गाईच्या घडणीतच कत्तलखाना गृहीत धरलेला आहे. आपण १९६०-७०च्या दशकांपासून त्या गाईचे रक्त आपल्या गाईत आणले, पण त्यामागचे गृहीतक बंदराबाहेरच ठेवले. आपली संकरित गाय पाच-सहा वेतांनंतर, आठ-नऊ वर्षांची असताना थकते आणि पुढे सहा-सात वर्षे जगू शकते. तिच्या पोटी आलेल्या गोऱ्ह्याला पुरेसे वशिंड नसते, त्यामुळे मानेवर जू नीट बसत नाही. उन्हात तो लवकर धापा टाकतो. जिथे कत्तल चालते त्या व्यवस्थेसाठी बनलेले जनावर जिथे कत्तल वर्ज्य आहे त्या समाजात आणले की उत्पादन आणि आयुष्य यांच्यातली दरी सर्वांत रुंद होणार, हे उघड आहे. हा दोष विदेशी गाईचा नाही आणि धर्माचाही नाही. दोन्हीकडचा फायदा घेऊन दोन्हीकडची जबाबदारी टाळण्याच्या सवयीचा तो आहे.

कायद्याने या दरीकडे कसे पाहिले, तो प्रवास बोलका आहे. नोव्हेंबर १९४८मध्ये पंडित ठाकुरदास भार्गव यांनी घटना समितीत जी दुरुस्ती मांडली, तिच्यातून पुढे ४८वे कलम आले. त्यात शेती व पशुपालन आधुनिक शास्त्रीय पायावर उभे करणे, जातींचे जतन व सुधारणा करणे, आणि गाई-वासरांची व इतर दुभत्या व ओढकामाच्या जनावरांची कत्तल थांबवणे, हे सगळे एका दमात सांगितले आहे. त्या चर्चेत लारी यांच्यासारख्या मुस्लिम सदस्यांचे म्हणणे असे होते की, ही बहुसंख्याकांची धर्मभावना असेल तर तसे सरळ म्हणा, अर्थकारणाचा पडदा नको. पडदा राहिलाच. १९५८मध्ये हनीफ कुरेशी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गाई-वासरांच्या कत्तलीवरची पूर्ण बंदी मान्य केली, पण कामातून गेलेल्या बैल-रेड्यांच्या कत्तलीवर बंदी घालणे अवाजवी ठरवले. महाराष्ट्राचा १९७६चा कायदा याच चौकटीतला होता. बैल निरुपयोगी झाल्याचा दाखला मिळाला तर तो कापता येई. १९८२च्या जानेवारीत विनोबांच्या प्रेरणेने देवनारच्या कत्तलखान्यासमोर सत्याग्रह सुरू झाला, तो या बैलांसाठी. पुढे २००५मध्ये मिर्झापूर मोती कुरेशी खटल्यात सात न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने दिशा बदलली: जनावर म्हातारे झाले तरी शेण आणि मूत्र देतेच, म्हणून ते कधीच निरुपयोगी होत नाही. २०१५मध्ये महाराष्ट्रात बैल आणि वळूही बंदीखाली आले.

न्यायालयाने भूतदयेच्या मूलभूत कर्तव्याचाही आधार घेतला होता, हे खरे. पण युक्तिवादाचा भार शेणावर होता, आणि मला तो धर्माच्या बाजूने पाहिले तरी कमकुवत वाटतो. ज्याला गाय पवित्र वाटते त्याने तिचे प्राण शेणाच्या किमतीवर टांगून ठेवणे विचित्र आहे. उद्या शेणापेक्षा वैरण महाग निघाली, आणि दुष्काळात ती निघतेच, तर काय? उपयोग आहे म्हणून मारायचे नाही असे ठरले, तर उपयोग संपल्यावर प्रश्न पुन्हा उघडतो. आणि उपयोग कधी संपतच नाही असे म्हणायचे, तर ती गोष्ट तपासायला वैरणीचा भाव हाताशी असतोच. व्रत असेल तर ते तोट्यातही पाळायचे असते. तोटा आहे हे कबूल करून तो कोणी सोसायचा, हे ठरवणे जास्त प्रामाणिक झाले असते.

यावर श्रद्धावान माणसाचा आक्षेप तयार असतो. आईचा हिशेब मांडायचा नसतो. म्हातारी आई किती खाते हे मोजणारा मुलगा मुलगा नव्हे. आक्षेप भावनेला भिडतो. पण हिशेब मांडायचा नाही म्हटल्याने खर्च नाहीसा होत नाही, तो फक्त वहीबाहेर जातो आणि ज्याचा आवाज क्षीण त्याच्या डोक्यावर बसतो. आपल्या इतिहासात हे घडलेले आहे. गाय पूज्य होती, पण मेलेली गाय ओढून नेणे, सोलणे, तिच्या मांसावर जगणे हे महारांच्या आणि इतर अस्पृश्यांच्या वाट्याला टाकले होते, आणि त्याच कामावरून त्यांना अपवित्र ठरवले गेले. १९२७च्या मार्चमध्ये महाडला डॉ. आंबेडकरांनी मृतमांस सोडण्याचे आवाहन केले, तेव्हा गावगाड्याने गोभक्तीचा जो खर्च खाली ढकलला होता, तो त्यांनी एका अर्थाने परत केला. दुसरा खर्च वासरांनी उचलला. मार्व्हिन हॅरिस या अमेरिकी मानवशास्त्रज्ञाने केरळात पाहिले की वासरू मारल्याचे कोणीही शेतकरी मान्य करत नव्हता, तरी गोऱ्हे कालवडींपेक्षा कितीतरी जास्त मरत होते. कोणी मारत नाही, फक्त आचळाशी जरा कमी वेळ सोडतात. हॅरिसशी एरवी कडाडून भांडणारे गोखले संस्थेतले अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांनीही १९६९च्या सुमारास हेच बजावले होते की, कळपाचा आकार माणसाने ठरवला नाही तर उपासमार ठरवते. २०१२ आणि २०१९च्या पशुगणनांची तुलना पाहा. देशातल्या गोवंशातल्या माद्या सुमारे १८ टक्क्यांनी वाढल्या आणि नर सुमारे ३० टक्क्यांनी घटले. काही राज्यांत बंदी कडक होत असतानाच्या काळातला हा आकडा आहे. ट्रॅक्टर आला हे कारण खरे. पण ट्रॅक्टर बैलाची गरज संपवतो, गोऱ्ह्याचा जन्म थांबवत नाही. जन्मलेले ते कुठे गेले, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे. आता लिंगनिर्धारित वीर्यमात्रांमुळे गोऱ्हा जन्मालाच येणार नाही अशी सोय झाली आहे, आणि त्यावर कोणत्याही धर्मपीठाने हरकत घेतल्याचे दिसत नाही. रस्त्यावरच्या मोकाट जनावरांची संख्या २०१९मध्ये पन्नास लाखांच्या आसपास होती. तेही एक प्रकारचे गोदानच. घेणारा तेवढा ठरलेला नाही.

मग दुसऱ्या टोकाचे ऐकावे का? सावरकरांनी ‘गोपालन हवे, गोपूजन नव्हे’ या निबंधात ठासून मांडले की गाय हा उपयुक्त पशू आहे आणि उपयुक्त म्हणूनच तिला पाळावे. माणसाने पशूला देव मानणे म्हणजे स्वतः खाली उतरणे. मराठीत एवढ्या स्वच्छपणे हा विचार दुसऱ्या कोणी मांडलेला नाही, आणि त्यातला निम्मा भाग पटतो. पोथीतल्या माहात्म्याने गोठा चालत नाही. पण उपयुक्तता हा निकषही वाटतो तेवढा पक्का नाही, कारण ती त्या-त्या दशकाची असते. दूध संघांच्या भरभराटीच्या काळात लिटर हे एकच माप होते. त्या मापाने खिल्लार गाय, जी वेतभरात चारशे-पाचशे लिटरच्या आसपास दूध देते, कधीच बाद झाली होती. अकोले-इगतपुरीच्या धो-धो पावसात चिखलणी ओढणारी डांगी बाद झाली होती. वर्ध्याकडची गवळाऊ, कंधारची लाल कंधारी, उदगीरची देवणी, कमी-अधिक फरकाने सगळ्याच. उपयुक्ततावाद्याने १९७५ साली हिशेब केला असता तर या जाती मोडीत काढल्या असत्या, आणि आज वाढत्या उन्हात, गोचिडांच्या आजारांत, निकृष्ट चाऱ्यावर तग धरणाऱ्या गुणांची गरज आहे म्हटल्यावर त्या परत आणता आल्या नसत्या. शिवाय उपयुक्ततेपलीकडेही या जनावराचा आपल्यावर काही हक्क उरतोच. हजारो वर्षे आपण त्याला वेसण घातली, खच्ची केले, आपल्या सोयीचे नर निवडून त्याचा देह बदलला. ते आता रानात जाऊन जगू शकत नाही. त्याचे परावलंबन आपण घडवले आहे.

या नात्याला आई म्हणण्यापेक्षा आपल्याच परंपरेतला दुसरा शब्द मला जास्त योग्य वाटतो, तो म्हणजे ऋण. माणूस ऋणे घेऊन जन्मतो, ही कल्पना आपल्याला नवी नाही. आईच्या प्रतिमेत हिशेब निषिद्ध ठरतो. ऋणात तो आवश्यक असतो. ऋणाला ऋणको असतो, रक्कम असते, आणि ते दुसऱ्याने फेडून चालत नाही. सावरकरांना नको असलेली देवता ऋण मानायला लागत नाही. श्रद्धावानाला हवी असलेली बांधिलकी त्यात राहते. आपले सण बारकाईने पाहिले तर त्यांनाही हे अर्धेच उमगलेले दिसते. वसुबारसेला पूजा होते ती सवत्स धेनूची, म्हणजे व्यायलेल्या, दुभत्या गाईची. पोळ्याला आणि बेंदराला झूल चढते ती राबत्या बैलावर. भाकड गाईसाठी राखून ठेवलेला दिवस पंचांगात सापडत नाही.

आता गोशाळेच्या समर्थकांचा मुद्दा. ते म्हणतात, हे ऋण आम्ही फेडतो, आणि देशी वंशही आम्हीच राखतो. यातल्या पहिल्या दाव्याचा आदर करायला हवा. मुंबईत १८३४ साली सर जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांनी पांजरपोळ काढला, तेव्हापासून असंख्य लंगडी, आंधळी, म्हातारी जनावरे अशा संस्थांत शेवटपर्यंत जगली आहेत. पण पांजरपोळ जनावराला जात विचारत नाही, विचारूही नये. दयेचा विषय असतो तो समोर उभा असलेला एक जीव. जतनाचा विषय असतो वंश, म्हणजे जे अजून जन्मलेलेही नाही ते. या दोन कर्तव्यांची दिशा वेगळी आहे. हजार म्हाताऱ्या गाई सांभाळणारी संस्था दयेत थोर असेल आणि वंशाच्या कामात तिचा वाटा शून्य असेल. कानात बारा अंकी बिल्ला असला तरी गाय कोणत्या गोठ्यातून आली, तिची आई कोण, तिची किती वेते झाली, ही माहिती सहसा दारातच गळून पडते.

उलट बाजूचे पुरावे तर भल्याभल्यांना अस्वस्थ करणारे आहेत. आंध्रच्या ओंगोल गाईपासून घडलेल्या नेलोर जातीवर ब्राझीलचा मांसउद्योग उभा आहे. मूळ प्रदेशात ओंगोल आटत गेली आणि गोमांस खाणाऱ्या देशात तिचा वंश कोट्यवधींनी वाढला. गीरची दुधाची निवड तिथे इतक्या चिकाटीने झाली की आज आपल्याकडचे गोपालक तिकडच्या गीरच्या वीर्याकडे डोळे लावून असतात. केरळात गावठी वळू खच्ची करण्याच्या धोरणामुळे वेचूर ही बुटकी गाय संपल्यात जमा होती. १९८९मध्ये डॉ. शोशम्मा आयप यांनी विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन उरलेसुरले नग शोधले आणि जात वाचवली, तेही अशा राज्यात जिथे कत्तलीवर सरसकट बंदी नाही. यावरून कत्तल केली म्हणजे जात वाचते असा निष्कर्ष काढणारा घाई करतो. ब्राझीलमध्ये आणि वेचूरच्या बाबतीत सारखे काय घडले ते पाहावे: कोणीतरी नोंद ठेवली, नर निवडला, आणि त्या जनावराला काम दिले. कत्तलबंदीने एक जीव वाचू शकतो. जात वाचायला वळू लागतो, आणि तो वळू विचारपूर्वक निवडणारा माणूस लागतो. ४८व्या कलमाने दोन्ही एका वाक्यात बांधल्यामुळे एक केले की दुसरे आपोआप झाले, असा समज मात्र दृढ झाला.

या दोन कर्तव्यांची ओढाताण ज्याने स्वतःच्या अंगणात सोसली तो माणूस गांधी. १९२८मध्ये साबरमती आश्रमातले एक वासरू असाध्य वेदनेने तळमळत होते. गांधींनी डॉक्टरकडून त्याला विष टोचवून मुक्त केले. देशभरातून संतापाची पत्रे आली. गांधींचे म्हणणे असे की, स्वार्थाचा लेश नसताना, दुसरा उपाय उरलेला नसताना केलेला हा अंत हिंसा नव्हे. ते मान्य असो वा नसो, त्यांनी निर्णयाचे ओझे दुसऱ्यावर टाकले नाही आणि लपवलेही नाही. त्याच गांधींनी गोशाळांना सांगितले की मेलेल्या जनावराच्या कातड्याचे कामही तुम्हीच करा. वर्ध्याजवळ नालवाडीला चर्मालय उभे राहिले, जमनालाल बजाजांनी आयुष्याचे शेवटचे महिने गोसेवेला दिले. महारांच्या खांद्यावरून ते काम काढून गोभक्ताच्या हातात देण्याची ही कल्पना होती, आणि गोभक्तांनी ती फारशी मनावर घेतली नाही यात नवल नाही. पुढे उरुळीकांचनला गांधींचेच अनुयायी मणिभाई देसाई यांनी आधी गीरचा उत्तम कळप वाढवला आणि नंतर १९६७मध्ये ‘बायफ’ ही संस्था स्थापून संकराचा मार्ग गावोगाव नेला, कारण अल्पभूधारकाच्या घरात दुधाचा पैसा लवकर यायला हवा होता. संकराला सरसकट अधर्म म्हणणाऱ्यांनी हा माणूस कोणत्या मुशीतून आला होता हे आठवावे.

अर्थशास्त्री इथे शेवटचा आणि सर्वांत टणक आक्षेप घेईल: ऋण, वंश सगळे ठीक, पण पैसा कुठून येणार? म्हणून थोडे गणित. महाराष्ट्र शासनाने ३० सप्टेंबर २०२४ रोजी देशी गाईला राज्यमाता-गोमाता घोषित केले, आणि गोशाळेतल्या देशी गाईसाठी दिवसाला ५० रुपये अनुदान ठरवले. म्हातारपणाच्या सांभाळाचा दर म्हणून तोच आकडा घेऊ. वर्षाला १८,२५० रुपये. बरी दुभती देशी गाय, वेताला १२०० लिटर, आठ वेते, म्हणजे जन्मभरात ९६०० लिटर. पुढची पाच वर्षे ९१,२५० रुपयांची. तिच्या दुधाच्या प्रत्येक लिटरवर साडेनऊ रुपये म्हातारपणाचे देणे बसते. संकरित गाय, ३००० लिटर, पाच वेते, पुढे सात वर्षे: लिटरमागे साडेआठ रुपये. म्हणजे वेताला अडीचपट दूध देऊनही तिचे देणे फारसे हलके होत नाही. आता त्याच देशी गाईची आणखी दोन वेते झाली असे धरा. दूध १२,००० लिटर होते, भाकड वर्षे अडीच उरतात, आणि लिटरमागचे देणे साडेनऊवरून चार रुपयांच्या आत येते. संकरित गाईलाही हेच गणित लागू आहे. दोन वेतांनी एवढा फरक पडतो, कारण ती एकीकडे दूध वाढवतात आणि दुसरीकडे दरी अरुंद करतात. हे आकडे गृहीतकांचे आहेत. दर आणि लिटर बदलले की उत्तरे बदलतील, पण त्यांचा कल बदलणार नाही.

या गणिताने देशी गाईच्या बाजूची एक सोयीची समजूतही ढासळते, आणि ती झाकून ठेवू नये. वेताला पाचशे लिटर देणाऱ्या खिल्लारीला किंवा डांगीला हे देणे लिटरमागे वीस रुपयांच्या वर जाते. या जाती दुधावर जगणार नाहीत, त्या कामावर जगतील. डांगी टिकली आहे ती जिथे अजून बैलाने चिखलणी होते त्या डोंगरउतारांवर, आणि खिल्लारच्या खोंडाला आज भाव आहे तो मोठ्या अंशी शर्यतींमुळे. शर्यतीत जनावराला होणारा त्रास हा वेगळा प्रश्न आहे आणि तो खरा आहे. पण काम गेले की जात जाते, हे शर्यतीवर बंदी होती त्या २०१४ ते २०२१च्या काळाने खिल्लार पाळणाऱ्यांना चांगलेच शिकवले. म्हणून जतनाचा पैसा कामावर लावायला हवा: बैलाने केलेल्या मशागतीला, शेणखताला, तुपाला रास्त भाव. आणि जिथे दूध हेच काम आहे, तिथे दीर्घायुष्यावर.

दीर्घायुष्यासाठी निवड करणे सोपे नाही. हा गुण आईकडून लेकीकडे फार कमी प्रमाणात उतरतो, आणि कळतो तो उशिरा. वळूची पारख सहसा त्याच्या लेकींच्या पहिल्या वेतातल्या दुधावर होते. दहाव्या वेतापर्यंत थांबायला कोणाला वेळ नसतो. पण नेमके याच कारणाने म्हाताऱ्या गाईला मोल येते. दहा-बारा वेते झालेली, पाय शाबूत, कास शाबूत अशी गाय म्हणजे पूर्ण झालेला प्रयोग आहे. तिच्या गोऱ्ह्याला खच्ची करण्याआधी कोणी तिच्या वेतांचा आकडा विचारला, तर वंशाचे आणि दयेचे काम एका दावणीवर येऊ शकते. न्यायालयाने म्हाताऱ्या जनावराचा उपयोग शेणात शोधला. तो असा वंशात शोधता आला असता. मात्र यासाठी ती गाय ज्याच्याकडे वाढली, ज्याला तिची वेते तोंडपाठ आहेत, त्याच्याच गोठ्यात ती शेवटपर्यंत राहायला हवी.

आणि सध्याची व्यवस्था याच माणसाला वाऱ्यावर सोडते. दिवसाचे ५० रुपये मिळतात ते गोशाळेला. संकरित गाईला कत्तलबंदी लागू आहे, पण ती राज्यमाता नाही, म्हणून तिच्या भाकड वर्षांना अनुदानही नाही. कायदा तिचा प्राण वाचवतो आणि तिच्या वैरणीपुरता हात आखडतो. अकोले तालुक्यातला एखादा डांगीवाला आपली बारा वेतांची म्हातारी गाय घरच्याच दावणीला बांधून, तिच्या शेवटापर्यंत तिला चारापाणी करतो, तोवर तिच्या नावावर एक पैसा निघत नाही. तिला सोडून दिले आणि ती नोंदणी झालेल्या गोशाळेच्या वहीत चढली की पन्नास रुपये सुरू होतात.